गावाकडे जाणारी चुकीची गाडी

हिरोशी नाकाहारा 48 वर्षांचा आहे. कामासाठी क्योतोला आलेला, आदल्या रात्री भरपूर प्यायलेला, सकाळी डोकं ठणकतंय. त्याला टोकियोला घरी जायचंय, पण तो बसतो भलत्याच गाडीत. ती त्याला घेऊन जाते कुरायोशीला, जिथे तो लहानाचा मोठा झाला त्या गावाला. परतीच्या गाडीला वेळ असतो म्हणून तो गावातून भटकतो, आईच्या कबरीपाशी जातो, आणि तिथेच काहीतरी होतं. भानावर येतो तेव्हा अंगावर शाळेचा गणवेश असतो. साल 1963, वय 14. घरी आई आहे, आजी आहे, धाकटी बहीण आहे आणि दुकानात कपडे शिवत बसलेले वडील आहेत. याच वर्षी, उन्हाळी सुट्टी संपता संपता, ते वडील कुणालाही न सांगता घर सोडून गेले होते. पुन्हा कधीच आले नव्हते. हे हिरोशीला माहीत आहे. घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

जिरो तानिगुची या जपानी चित्रकार-लेखकाच्या 'अ डिस्टंट नेबरहूड' या ग्राफिक नॉव्हेलची ही सुरुवात. तानिगुचीचा जन्म 1947 सालचा, तोत्तोरीचा. कुरायोशी हे गाव त्याच जिल्ह्यातलं. म्हणजे लेखक आणि नायक साधारण एका पिढीचे, एकाच मातीतले. 1998च्या सुमारास ही गोष्ट जपानमध्ये 'बिग कॉमिक' या नियतकालिकात क्रमशः आली. फ्रेंच अनुवादाला 2003 साली आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात उत्कृष्ट कथेचं पारितोषिक मिळालं, आणि त्यानंतर तानिगुची जपानपेक्षाही युरोपात जास्त लाडका झाला. 2017 साली तो वारला. जपानीत या पुस्तकाला मांगाच म्हणतील. पण मांगा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे नारुतो येत असेल, तर त्याला जरा बाजूला बसवा. इथे कुणी किंचाळत नाही, कुणाच्या हातातून आगीचे गोळे निघत नाहीत. माणसं जेवतात, शाळेत जातात, रस्त्याने चालतात.

(पुढे शेवटाबद्दलही लिहिलं आहे. पण वडील जाणार हे पुस्तक स्वतःच सुरुवातीला सांगून टाकतं. त्यामुळे कळून फारसं बिघडेल असं मला वाटत नाही.)

मूळ जपानी नाव 'हारुकाना माची ए' असं आहे. त्यातला शेवटचा 'ए' म्हणजे दिशा दाखवणारा प्रत्यय, आपल्या 'कडे'सारखा. दूरच्या गावाकडे. इंग्रजी नावात दूरचं गाव उरलं, 'कडे' मात्र गळाला. मराठीत हे नाव किती सहज बसतं बघा. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ऑफिसात गणपतीच्या आदल्या आठवड्यात निम्मी माणसं 'गावाकडे' चाललेली असतात. त्या शब्दात पोचणं गृहीत नाही, फक्त तोंड कुठल्या दिशेला आहे एवढंच आहे. हिरोशीचंही तेच. 400च्या आसपास पानांच्या या पुस्तकात तो गावाकडे निघालेलाच राहतो. गावात असतानासुद्धा.

काळात मागे जाण्याच्या गोष्टींचा एक ठरलेला करार असतो. भूतकाळात काहीतरी चुकलं होतं, नायकाला ते माहीत आहे, तो मागे जाऊन ते दुरुस्त करणार. माझं रोजचं कामही याच भरवशावर चालतं. सर्व्हर पडला की आम्ही लॉग उघडतो, कुठल्या मिनिटाला काय झालं ते शोधतो, कारण सापडलं की मागच्या व्हर्जनवर जातो. दुसऱ्या दिवशी एक अहवाल लिहितो, त्यात 'मूळ कारण' असा एक रकाना असतो आणि तो रिकामा ठेवायची परवानगी नसते. पुरेशी माहिती असती तर हे टाळता आलं असतं, ही त्या सगळ्या कामामागची श्रद्धा. हिरोशीकडे तर पुरेशीपेक्षा जास्त माहिती आहे. तारीख माहीत आहे, त्या दिवसानंतर आईचे काय हाल होणार ते माहीत आहे, ती किती वर्षांची असताना मरणार तेही माहीत आहे: 48, म्हणजे तो आज आहे तेवढीच.

मग तो काय करतो? बराच काळ काहीच नाही. पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. तो आईच्या हातचं जेवतो. आई इतकी तरुण आहे, आपल्यापेक्षाही लहान आहे, हे बघून त्याला काय करावं कळत नाही. तो शाळेत जातो, आणि एकदा शिकून झालेला अभ्यास पुन्हा शिकताना एकाएकी हुशार ठरतो. इंग्रजी फाडफाड येतं. धावताना त्याला जाणवतं की हे शरीर हलकं आहे, दम लागत नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला आपले पाय परत मिळाल्यावर काय वाटत असेल, हे तानिगुची दोन-तीन पानांत नुसत्या पळण्यातून दाखवतो. वर पुन्हा शरीर 14 वर्षांचं असलं तरी दारूची तलफ 48 वर्षांच्या माणसाची आहे, ही गंमतही आहे. तोपर्यंत वाचकही विसरतो की उन्हाळा संपत आलाय. दिवस मात्र पुढे सरकत असतात.

हे विसरायला लावण्याचं काम चित्रं करतात. तानिगुचीवर युरोपीय कॉमिक्सचा मोठा प्रभाव होता. बारीक, स्वच्छ, एकसारखी रेघ. मागचं दृश्य पुढच्या माणसाइतक्याच काळजीने काढलेलं. कुरायोशी हे खरं गाव आहे. तिथला कालवा, कालव्याकाठची पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारं, दगडी पूल आजही बघता येतात. पुस्तकात ते सगळं कौलागणिक आहे. पण ही नुसती हौस नव्हे. आठवणीतलं गाव असं कधीच नसतं. आठवणीत दोन-चार ठळक जागा असतात आणि मधे धुकं. पुस्तकातलं गाव मात्र सबंध आहे, कारण हिरोशीला ते आठवत नाहीये, तो तिथे उभा आहे. प्रत्येक कौल काढणं हाच 'तो खरंच परत गेलाय' याचा पुरावा. चेहरे याच्या अगदी उलट, फार थोड्या रेघांचे. वडिलांचा चेहरा तर जवळजवळ काहीच सांगत नाही. शांत, सभ्य, कामात असलेला माणूस. आपण हिरोशीच्या बरोबरीने त्या चेहऱ्यात खूण शोधत राहतो, आणि तिथे काही नाही. घराची कौलंन् कौलं दिसतात, घरातला माणूस दिसत नाही. माझ्या मते सगळं पुस्तक या विरोधावर उभं आहे.

यावरून एक व्यावहारिक सूचना. फोनवर कॉमिक वाचताना एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते. हे पुस्तक तसं वाचू नका. इथे एका चौकटीत हिरोशी चालतोय, पुढच्या चौकटीत फक्त रस्ता आहे, त्यानंतर फक्त आभाळ, आणि तिन्ही मिळून एक उसासा होतो. एकेक करून पाहिलं तर तीन बिनकामाची चित्रं दिसतील. टॅबलेट मिळाला तर बरं, छापील प्रत मिळाली तर उत्तम. इंग्रजी आवृत्ती डावीकडून उजवीकडे वाचता येते, त्यामुळे मांगाची सवय नसली तरी अडत नाही.

मराठीत 'वडील गेले' म्हटलं की ऐकणारा आधी मान खाली घालतो. 'गेले' म्हणजे वारले. कुणाचे वडील खरोखरच चपला घालून निघून गेले असतील, तर त्याला जास्तीचे शब्द वापरावे लागतात: घर सोडून गेले, परागंदा झाले. या दोन जाण्यांसाठी आपण एकच क्रियापद वापरतो, आणि लहान मुलाच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच आहे. सकाळी होते, संध्याकाळी नाहीत. कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही.

माझे बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. गेले म्हणजे वारले. आदल्या रात्री छातीत जळजळतंय म्हणाले, ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपले, पहाटे संपलं होतं. तेराव्यापर्यंत आमच्या घरात येणारा प्रत्येक माणूस स्वतःचा एक 'जर' घेऊन यायचा. जर मला फोन केला असता. जर रात्रीच नेलं असतं. जर त्या दिवशी ते शेतावर गेले नसते. आई कुणालाच उत्तर द्यायची नाही, चहा ठेवायला उठायची. मी मात्र ते सगळे 'जर' गोळा करत होते. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मला ती सवय कामाला आली, असं मी थट्टेत म्हणते. त्या रात्रीचे साडेदहा ते पाच मी इतक्या वेळा मांडून पाहिलेत की तेवढे तास मला पाठ आहेत.

म्हणून हे पुस्तक हातात आलं तेव्हा मला हिरोशीचा हेवा वाटला. त्याला तो 'जर' मिळाला होता. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की त्याचं आणि माझं गणित एक नाही. मला परत जायला मिळालं तर काय करायचं ते उघड आहे, गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा. हृदयाच्या झटक्याला स्वतःची इच्छा नसते. हिरोशीच्या वडिलांना आहे. त्यांना कुठे नेणार? कुणाला फोन करणार?

हिरोशी शेवटी शोधाला लागतो, तेव्हा तोही आधी कारणच शोधतो. वडिलांचा पाठलाग करतो आणि ते एका आजारी बाईला भेटायला हॉस्पिटलात जाताना दिसतात. वाचकाला वाटतं, सापडलं. दुसरी बाई. पण ती लहानपणची मैत्रीण आहे, मरणाच्या दारात आहे, आणि तिच्यापाशी प्रश्नाचं सगळं उत्तर नाही. मग आजीकडून त्याला जुनी हकिकत कळते. आईचा आधी एक नवरा होता, तो युद्धात गेला. वडील हे त्याचे सैन्यातले मित्र. ते या घरी आले ते मित्राच्या मरणाची खबर घेऊन. घर उघड्यावर पडलेलं पाहिलं, मदतीला थांबले, आणि थांबलेच. लग्न झालं, दुकान झालं, मुलं झाली. सगळं चांगलं झालं. फक्त यातलं काहीही त्यांनी ठरवून निवडलेलं नव्हतं.

इथे काळाचा संदर्भ महत्त्वाचा आहे. 1963 म्हणजे टोकियो ऑलिंपिकच्या आदलं वर्ष. पुढच्याच वर्षी शिन्कान्सेन धावणार आहे. सगळा देश पुढे बघतोय. वडिलांच्या पिढीने मात्र तारुण्य युद्धात घालवलं आणि त्यानंतरची वर्षं ते निस्तरण्यात. आता पहिल्यांदाच श्वास घ्यायला उसंत मिळाली आहे, आणि नेमकी तेव्हाच त्या माणसाला आपली घुसमट ऐकू येते. दुकान बरं चाललंय, घरात भांडण नाही, मुलगा अचानक हुशार निघालाय. माणूस जातो तो सगळं सुरळीत चालू असताना.

स्टेशनवरचा प्रसंग या पुस्तकाचा कळस. हिरोशी धावत जाऊन वडिलांना गाठतो. इतर कुठल्याही गोष्टीत इथे मुलाने काही बोलावं, वडिलांचे डोळे भरावेत आणि गाडी रिकामीच जावी. हिरोशी बोलतोही. त्याच्याकडे 48 वर्षांचे शब्द आहेत, पुढे काय होणार याची माहिती आहे, आईचं मरण आहे. वडील ऐकून घेतात. आपण आजवर दुसऱ्यांसाठी जगलो, आता राहवत नाही, असं काहीसं सांगायचा प्रयत्न करतात. त्यांना ते नीट सांगताही येत नाही. आणि हिरोशीला, थांबवायला आलेल्या मुलाला, ते कळतं. कारण तोही मोठा आहे. टोकियोत त्याची बायको आहे, दोन मुली आहेत, आणि तोही वर्षानुवर्षं काम आणि दारूच्या आडून घरातून थोडा थोडा निघून जातोच आहे. वडिलांनी एका संध्याकाळी जे केलं ते तो हप्त्याहप्त्याने करतोय. 14 वर्षांच्या मुलाने कदाचित वडिलांचा हात ओढून धरला असता. 48 वर्षांच्या माणसाला तो सोडावा लागतो. वडील गाडीत चढतात.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे. दर वेळी मला तो पटतो, आणि दर वेळी एक गोष्ट टोचते. बापाला समजून घेण्याचा हा सोहळा चाललेला असताना आई कुठे आहे? तीही युद्धातूनच आली आहे. पहिला नवरा गमावलेली, दुसरा गमावणारी. नवरा गेल्यावर दोन्ही मुलांना वाढवणारी, कष्ट उपसत 48व्या वर्षी मरणारी. निवडायला तिला तरी कुठे मिळालं होतं? वडिलांच्या पोटातली घुसमट शोधायला पुस्तक इतकं खोल जातं, पण आईच्या वाट्याला येतो तो समजूतदारपणा. तिला पळून जायचं असतं तर ती कुठे गेली असती, हा प्रश्न कुणी विचारत नाही, तिचा मुलगाही नाही. तानिगुचीने तिच्या मरणाचं वय आणि मुलाचं आजचं वय एकच ठेवलं, म्हणजे ही तुलना त्याला दिसत होती. त्याने ती मांडली आणि सोडून दिली. तोमोको नावाच्या वर्गातल्या मुलीचा धागाही असाच. 14 वर्षांच्या मुलीला आवडणारा मुलगा आतून 48चा आहे, हे वाचताना अवघडायला होतं. हिरोशी स्वतःही अवघडतो आणि पुस्तक पायरी सोडत नाही, हे खरं. तरी ती मुलगी शेवटपर्यंत त्याच्या हुरहुरीचा भाग म्हणूनच राहते.

या तक्रारीचं अर्धं उत्तर तानिगुचीच्याच आणखी एका पुस्तकात मिळतं. 'अ जर्नल ऑफ माय फादर' हे त्याच्या आधीचं, 1994 सालचं. तिथे गावही तोत्तोरी आणि आगही खरी: 1952 साली त्या शहराचा मोठा भाग जळाला होता. आगीत सगळं गेलेला एक न्हावी पुन्हा दुकान उभं करण्यात आणि कर्ज फेडण्यात बुडून जातो, आणि घर सोडते ती आई. मुलगा वडिलांनाच दोषी धरतो, टोकियोला जातो, वर्षानुवर्षं फिरकत नाही. परततो तो वडिलांच्या अंत्यविधीला, आणि त्या रात्री नातेवाइकांच्या गप्पांतून त्याला आपला बाप पहिल्यांदा भेटतो. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचली तर दिसतं की तानिगुची एकाच जखमेकडे दोन बाजूंनी जातोय. एकात मुलगा उशिरा पोचतो, दुसऱ्यात लेखक त्याला वेळेवर पोचवून बघतो. उशिरा पोचलेल्याला वडिलांशी बोलता येत नाही. वेळेवर पोचलेल्याला बोलता येतं, थांबवता येत नाही.

मग परत जाण्यातून हिरोशीला मिळालं काय? वडील गेलेच. आईचं मरणही बदललं नाही. तो पुन्हा त्याच कबरीपाशी येतो, 48 वर्षांचा. बदललेली एकच गोष्ट पुस्तक आपल्याला दाखवतं. ज्या मित्राला त्याने विश्वासाने आपलं गुपित सांगितलं होतं, तो दाइसुके पुढे लेखक झालाय आणि त्याचं पुस्तक हिरोशीच्या घरी पोचतं. म्हणजे जे घडलं ते बदलत नाही, पण ते कुणाला तरी सांगितलं होतं हे मात्र टिकतं. 2010 साली या पुस्तकावर सॅम गारबार्स्कीने फ्रेंचमध्ये सिनेमा काढला. त्याने गाव फ्रान्समध्ये नेलं आणि नायकाला कॉमिक्सचा चित्रकार केलं. गाव बदललं तरी गोष्ट चालली, कारण स्टेशन आणि वडील सगळीकडे असतात.

मला विचाराल तर हिरोशीला मिळाले ते मधले दिवस. ज्या काही आठवड्यांत त्याने काहीच दुरुस्त केलं नाही, ते. त्याला वडील दुकानात शिवताना पुन्हा पाहता आले, यावेळी त्यांच्याहून मोठ्या माणसाच्या नजरेने. लहान मुलाला वडील म्हणजे घराच्या भिंतीसारखे असतात, त्यांना काही हवं असेल हे सुचत नाही. अकरावीतल्या मुलीलाही सुचत नाही. माझे बाबा चाळिशीत काय वाचायचे, त्यांना कशाची भीती वाटायची, शेत सोडून दुसरं काही करावंसं त्यांना वाटलं होतं का, हे मला माहीत नाही. पाठ असलेल्या त्या साडेसहा तासांत याची उत्तरं नाहीत. ती त्याआधीच्या सोळा वर्षांत होती, आणि त्यातली काही अजून आईकडे असतील. हल्ली मी गावाकडे गेले की तिला एखाददुसरा प्रश्न विचारते. बाबांबद्दल विचारते, आणि तानिगुचीने जो प्रश्न सोडून दिला तोही: तुला कुठे जायचं होतं? ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, तिला नर्सिंगला जायचं होतं. एवढंच बोलून ती चहा ठेवायला उठली. या वेळी मीही तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले.